पण उत्तर किती आलं?

पेनाचं टोपण दातांत धरून, पेन हवेत उंच करून मॅडम विचारायच्या, "सर, ते कळलं. पण उत्तर किती आलं?" मागच्या बाकांवरची पोरं त्यांच्या सुरात सूर मिसळून तेच वाक्य म्हणायची. त्या वळून बघायच्या, स्वतःही हसायच्या, आणि पेन मात्र खाली घ्यायच्या नाहीत. माझ्याकडून उत्तराचा आकडा वदवून घेतल्याशिवाय त्यांचा हात खाली येत नसे.

गंमत अशी की त्या गणितांत उत्तर कोणी मागितलेलंच नसतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेत 'डेटा सफिशियन्सी' नावाचा प्रकार असतो. एक प्रश्न देतात, त्याखाली दोन विधानं देतात. तुम्ही एवढंच सांगायचं की उत्तर काढायला पहिलं विधान पुरतं, की दुसरं पुरतं, की दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. उदाहरणार्थ, टाकीत किती पाणी आहे? विधान एक, टाकी निम्मी भरलेली आहे. विधान दोन, आणखी दोनशे लिटर ओतलं की टाकी भरते. आता एकट्या पहिल्याने काही कळत नाही, एकट्या दुसऱ्यानेही नाही. दोन्ही मिळून कळतं. झालं, खूण करा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. टाकीत किती पाणी आहे हे टाकीवाला बघून घेईल.

"दोनशे लिटर," त्या म्हणायच्या.

"मॅडम, विचारलंय का आपल्याला?"

"नाही विचारलं. पण आहे ना दोनशे?"

उल्हासनगरच्या कॉलेजातली नोकरी संपल्यावर मी अंबरनाथ पूर्वेला एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. क्लास फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी खाली शेव तळायला घेतली की वर्गात कोणाचं लक्ष लागायचं नाही, माझंही नाही. गुडघे दुखत होते, आवाज बसत होता आणि तीच ती टाकी वर्षानुवर्षं निम्मी भरलेली होती. माझ्या वयाच्या मास्तरांना हा शीण माहीत असेल. शिकवणं येत असतं, त्याची हौस तेवढी संपलेली असते.

मॅडम सगळ्या वर्गात वयाने मोठ्या. पस्तिशीच्या पुढच्या असाव्यात. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. पहिली पाळी संपली की शेअर रिक्षाने थेट क्लासवर यायच्या. मधल्या वेळात बदलापूरला घरी जाऊन परत येण्याचं त्राण त्यांच्यात नसे. मी कुलूप उघडेपर्यंत त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. आत आल्या की खिडकीजवळच्या बाकावर डोकं टेकून झोपायच्या. नाकावर चष्म्याचा वळ, केसांना कसल्यातरी औषधाचा वास. पोरं आली की दारातच आवाज कमी करायची. एरवी एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी ती पोरं मॅडम झोपल्यात म्हटल्यावर बाकसुद्धा उचलून सरकवायची.

त्यांना त्या शहाण्यासुरत्या वयात या परीक्षेच्या भानगडीत पडायचं कारण होतं. कंपनी गुजरातला चालली होती. प्रयोगशाळेतल्या लोकांना तिकडे घेणार होते, यायचं असेल त्यांनी यावं, नसेल त्यांनी हिशोब घेऊन मोकळं व्हावं. मॅडमना तर तिकडे बढती देणार होते. पण त्यांची आई बदलापूरच्या सोनिवलीतल्या घरात, सत्तरीला आलेली. वडील गेलेले, भाऊ पुण्याला. "आईला सोडून मी कुठे जाऊ, सर? आणि ती इथून हलणार नाही." म्हणून त्यांनी दुसरी वाट शोधली होती. ठाण्याच्या एका कंपनीत ओळखीने खरेदी विभागात जागा होती, पण तिथल्या साहेबांनी अट घातली होती की संध्याकाळच्या एमबीएला प्रवेश मिळवून दाखवा. म्हणजे या परीक्षेत मार्क मिळाले तर आईजवळ राहता येणार. नाही मिळाले तर एकतर नोकरी जाणार नाहीतर आई एकटी राहणार. एवढं सगळं त्या निम्म्या टाकीवर येऊन ठेपलं होतं.

आणि बाईंचा वेळ पुरत नव्हता. सरावाच्या प्रत्येक पेपरात शेवटची बरीच गणितं कोरी. कारण उघड होतं. जिथे नुसती खूण करून पुढे जायचं तिथे या पूर्ण गणित सोडवायच्या, ताळा करून बघायच्या, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, पुरतंय एवढं कळलं की सोडा ना!"

"नाही सोडवत, सर. आमच्याकडे सॅम्पल आलं की पास होईल असं लिहून चालत नाही. टेस्ट करायची, आकडा लिहायचा, मग सही. आकड्याशिवाय सही केली तर नोकरी जाते."

"इथे आकडा काढलात तर नोकरी जाईल."

हे बोललो आणि जीभ चावली. पण त्या हसल्या. "खरंय," म्हणाल्या आणि पुढच्याच गणितात पुन्हा दोन रेघा मारल्या. जित्याची खोड.

वर्गात उल्हासनगरचा एक पोरगा होता. घरचं जीन्सच्या पँटींचं होलसेल दुकान, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्याला हा प्रकार पहिल्या दिवसापासून हातचा मळ. तो त्यांना समजवायचा, "मॅडम, गिऱ्हाईक पूछता है, माल है क्या? आपण बोलायचं, है. बस. गोडाऊन में जाके गिनती कशाला करायची?"

"आणि माल कमी निघाला तर?"

"तो बाद का बाद में देखेंगे ना, मॅडम!"

यावर मॅडम त्याच्याकडे अशा बघायच्या की जणू त्याने त्यांच्यासमोर न धुतलेल्या नळीत ॲसिड ओतलंय.

दुसरी एक खोड याहून वाईट. या गणितांचा सगळ्यात मोठा नियम असा की जे दिलेलं नाही ते मनाने धरायचं नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहूनच ठेवलं होतं: 'दिलेलं नाही, ते धरायचं नाही.' एखाद्या संख्येचा वर्ग नऊ आहे म्हटलं की ती संख्या तीन असेल किंवा उणे तीन असेल. म्हणून माहिती अपुरी. मॅडम दर वेळी पुरेशी म्हणायच्या.

"आणि उणे तीन कुठे गेला?"

"सर, मायनस तीन ग्रॅम कोणी बघितलंय का?"

"ग्रॅम कुठे म्हटलंय इथे?"

"म्हटलं नाहीये. पण असणार काहीतरी ग्रॅममध्येच."

वर्ग हसून लोळायचा. मलाही हसू यायचं, पण घरी जाताना काळजी वाटायची. बाई हुशार होत्या, प्रामाणिक होत्या, मरमर मरत होत्या, आणि परीक्षेला यातलं काहीच नको होतं.

मग मी उपाय काढला. त्यांचं पेनच काढून घेतलं. वर्गात शिरताना पेन माझ्या टेबलावर ठेवायचं आणि नुसतं वाचून सांगायचं. पहिले काही दिवस त्यांची अवस्था चहा सुटलेल्या माणसासारखी झाली. बोटाने बाकावर आकडे गिरवायच्या. मी टोकलं की हात ओढणीखाली न्यायच्या आणि तिथे गिरवायच्या. रिक्षात सराव करा म्हटलं, कारण शेअर रिक्षात तीन माणसांच्या मध्ये लिहायला जागाच नसते. तर एके दिवशी सांगत आल्या की त्यांनी एक गणित मोठ्याने वाचलं, तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याने उत्तर सांगितलं, पलीकडच्याने ते खोडलं आणि रिक्षावाल्याने कंपनीच्या फाटकापाशी रिक्षा थांबवून मागे वळून विचारलं, "पण मॅडम, शेवटी टाकीत पाणी किती?"

"बघा सर, सगळ्यांनाच पाहिजे असतं," त्या म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

थंडी सरत आली तेव्हा कंपनीने सामान हलवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतली यंत्रं पेट्यांत जाऊ लागली. मॅडमना दिवसभर नमुने तपासायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रांच्या पेट्या नीट भरल्या की नाहीत ते बघायचं, असं दुहेरी काम लागलं. घरी आईचं पथ्यपाणी, तिसऱ्या मजल्यावरचं घर, दिवसाआड येणारं पाणी. त्या बारीक झाल्या. चेहऱ्यावरचा चष्म्याचा वळ आता जातच नव्हता.

अशाच एका संध्याकाळी सरावाचा पेपर होता. मी फिरत फिरत त्यांच्या बाकापाशी गेलो. त्या एक प्रश्न वाचायच्या, पेन्सिलीने खूण करायच्या, पुढे जायच्या. वाचायच्या, खूण, पुढे. कुठे रेघ नाही, ताळा नाही. पहिल्यांदाच पूर्ण पेपर सुटला, वेळेच्या आधी सुटला आणि मार्कही उत्तम पडले. मी फळ्यावर एक गणित समजावलं आणि सवयीने थांबलो, त्या विचारतील म्हणून. पोरंही त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी काही विचारलं नाही. पेन टोपणासकट माझ्या टेबलावर पडून होतं.

"मॅडम, उत्तर नको?" मीच म्हटलं.

"असू दे, सर. पुरतंय ना? बास."

इतके महिने मी ज्यासाठी घसा फोडत होतो ते झालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. माझ्या शिकवण्याने हे झालेलं नव्हतं. थकव्याने झालेलं होतं. दमलेल्या माणसाला कशाचंच उत्तर नको असतं, लवकर घरी जायचं असतं. मी त्यांचं पेन परत दिलं. त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि खाली जाताना भिंतीला हात धरून गेल्या.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "सर, पुरले."

"अहो, पण किती आले?" मी जवळजवळ ओरडलोच.

पलीकडून थोडा वेळ नुसतं हसू ऐकू आलं. फार दिवसांनी ऐकलं ते. "तुम्हीच सांगितलंत ना सर, किती ते विचारू नये. ठाण्याच्या कॉलेजला पुरले. रविवारी घरी या, आईच्या हातचं जेवायला."

रविवारी मी सोनिवलीला गेलो. नव्या इमारतींच्या रांगेत शेवटची इमारत, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दोनदा बसलो. दार आईंनीच उघडलं. साताऱ्याकडच्या बाई, नऊवारी, ताठ कणा, पण पायरी उतरायची म्हटलं की हात धरायला माणूस लागणार हे चालण्यावरून कळत होतं. जेवायला पुरणपोळी होती. माझ्या ताटात आग्रहाने तूप वाढत त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी लई कष्ट घेतलं हिच्यासाठी."

"कष्ट त्यांनी घेतले. आता काळजी मिटली. त्यांना तुम्हाला सोडून गुजरातला जावं लागणार नाही."

आईंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. "गुजरातला? म्हंजे कंपनी गुजरातला चालली ती? हिला घेऊन जात्यात का?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम पोळीकडे बघत होत्या. "आई, त्यांनी मला बढती देऊन बोलावलं होतं. मी नाही म्हणणार आहे. तू इथून हलायची नाहीस, माहितेय मला."

"कुणी सांगितलं?"

"दादाने पुण्याला ये म्हटलं तेव्हा तू नाही म्हणालीस ना? मी माझं घर सोडून कुठं जायची नाही, असं म्हणालीस. आणि दर सोमवारी तुला शिवमंदिरात जायचं असतं."

आईंनी वाटी खाली ठेवली. "अगं, त्याच्याकडं जायचं नव्हतं म्हणून घराचं नाव सांगितलं. त्याच्या बायकूचं आणि माजं पटत न्हाई, त्ये काय पोराच्या तोंडावर सांगू? तुज्याकडं न्हाई म्हणलं का मी कधी? आणि शंकर गुजरातला न्हाई व्हय? हितं तीन जिनं आणि दिवसाआड पाणी, काय सोनं लागलंय हितं? मला इचारलंस का येकदा तरी?"

खाली कोणीतरी गाडी पुसत होतं, त्याचा रेडिओ वर ऐकू येत होता.

विधान एक, आईने मुलाकडे जायला नकार दिला. विधान दोन, आई दर सोमवारी देवळात जाते. दोन्ही मिळूनही अपुरी. वर्गातल्या कुठल्याही पोराने डोळे झाकून खूण केली असती. ज्या बाई टेस्ट केल्याशिवाय सही करत नाहीत त्यांनी आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीवर नुसत्या अंदाजाने सही करून टाकली होती. आणि मी, 'दिलेलं नाही ते धरायचं नाही' असं फळ्यावर लिहिणारा, आई हलणार नाही म्हटल्यावर मान डोलावून मोकळा झालो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आम्ही दोघांनी वर्षभर वळसा घातला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदमच. "सर, मी उणे तीन विसरले."

"तुम्हाला प्रयोगशाळा सोडायची होती का मुळात?" मी विचारलं. हेही मी वर्षभरात विचारलेलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. नाही. खरेदी विभागात बसायची कल्पनासुद्धा त्यांना नकोशी होती. त्या स्वतःच्या हातांनी नळ्या धुण्यात, आकडा येण्याची वाट बघण्यात रमणाऱ्या. त्यांनी ते सगळं आईसाठी सोडायचं ठरवलं होतं, आणि आईंना त्यातलं काही नको होतं.

"वर्ष फुकट गेलं का हो?" मी म्हटलं. मला स्वतःचाच फार शीण आला होता.

"नाही सर. सॅम्पल फेल झालं तरी टेस्ट फुकट जात नाही." मग त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि नव्या पोळीवर तूप घेतलं. त्यांचं जेवण तेव्हा कुठे सुरू झालं.

निघताना आई दारापर्यंत आल्या. दाराची चौकट धरून त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, ह्या परीक्षेत हिला मार्क किती पडलं वो?"

"पुरेसे पडले, आई."

"पुरेसं म्हंजे किती?"

मी मॅडमकडे वळून बघितलं. ही खोड कुठून आली ते मला त्या दारात कळलं. मॅडमनी आकडा सांगितला. आईंनी तो दोनदा म्हणून घेतला आणि मगच मला जिना उतरू दिला.

महिन्याभरात त्या दोघी गेल्या. कंपनीच्याच टेम्पोत प्रयोगशाळेच्या शेवटच्या पेट्यांबरोबर त्यांचंही सामान गेलं असं त्या जीन्सवाल्या पोराने सांगितलं. तो पेट्या उचलायला गेला होता म्हणे, मॅडमनी न बोलावता. अधूनमधून त्यांचा मेसेज येतो. आई तळमजल्यावर राहतात, शेजारच्या गुजराती बाईशी खुणांनी भांडतात, सोमवारी तिच्याचबरोबर शंकराला जातात. मला बरं वाटतं. आणि मला त्यांची आठवण येते, हेही सांगून टाकतो.

क्लास अजून चालू आहे. खाली शेव तळली जाते, माझे गुडघे आणखी वाईट झालेत. नवी पोरं चपळ आहेत. मोबाइलवर सराव करून येतात, प्रश्न वाचला की खूण करतात आणि पुढच्याकडे जातात. खिडकीजवळच्या बाकावर आता दप्तरं ठेवतात. परवा टाकीचं गणित घेतलं. दोन्ही मिळून पुरतात, सगळ्यांचं बरोबर आलं, कोणाला काही शंका नव्हती. मी सवयीने थांबलो. पंख्याचा आवाज येत होता. पोरं पान उलटून माझ्याकडे बघत होती, मास्तर का थांबले म्हणून.

मग मी खडू उचलला, टाकी काढली, ती निम्मी भरली आणि खाली लिहिलं, दोनशे लिटर. त्याखाली दोन रेघा मारल्या.

"सर, हे विचारलंय का?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही विचारलं," मी म्हटलं आणि फळा तसाच ठेवला.